लेकीची सहल आणि आईचा हिशेब
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला आपण दरवर्षी कोणा शिकलेल्या बाईंना बोलावतो. यंदा कार्यवाहबाईंनी माझेच नाव घातले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. मला वाटले, मसाल्याचे प्रमाण सांगायचे असेल. पण त्या म्हणाल्या, "तुमची लेक मैत्रिणींबरोबर युरोपातली गावे पाहून आली, त्यावर बोला." मी स्वतः काही ती गावे पाहिलेली नाहीत. तेव्हा आज सांगणार आहे ते लेकीच्या तोंडून ऐकलेले. मात्र त्या सहलीचा जमाखर्च ओळीन् ओळ माझ्या डोळ्यांखालून गेला आहे, आणि मला विशेष बोलायचे आहे ते त्याविषयीच.

आमची कन्या बर्लिनला शिकते. बँकेचे कर्ज काढून तिला पाठविले, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. २०२५ च्या मार्च महिन्यात तिच्या विद्यापीठाला सुटी होती. तेव्हा ती आणि तिच्या तीन मैत्रिणी दहा दिवसांच्या सहलीला निघाल्या. एक नागपूरची, एक केरळातली आणि एक तिकडचीच जर्मन मुलगी. ड्रेस्डेन, प्राग, व्हिएन्ना आणि बुडापेस्ट अशी चार शहरे. बातमी आळीत पसरली आणि "कर्ज काढून पोरीला शिकायला पाठविले, ती तर गावे हिंडते आहे" असे बोल माझ्या कानी आले. बोलणाऱ्यांचा मला राग आला नाही. प्रश्न रास्तच होता. आमच्या घरातही तो निघाला. हे दोन दिवस जेवताना बोलले नाहीत. मी लेकीला फोनवर एवढेच म्हटले, "बाई गं, जा खुशाल. पण आल्यावर मला पैचा हिशेब हवा." तिने तो पाठविला. तोच आधी वाचते.

आगगाडी १२५ युरो. नऊ रात्रींचा मुक्काम २०० युरो. जेवणखाण ८५. शहरातली ट्राम, बस आणि प्रवेशपत्रिका ५०. दंडाचा वाटा १०. एकूण ४७० युरो. त्या वेळच्या भावाने साधारण ४४ हजार रुपये. आकडा ऐकून माझ्याही पोटात गोळा आला. पण त्याच कागदाखाली तिने जमेची बाजू लिहिली होती. परदेशी विद्यार्थ्यांना जर्मनीत वर्षाकाठी १४० पूर्ण दिवस काम करण्याची परवानगी आहे. २०२५ साली तेथे कमीत कमी मजुरी तासाला १२ युरो ८२ सेंट होती. लेक एका उपाहारगृहात भांडी घासते आणि टेबले पुसते. तिने लिहिले, "आई, ही सहल म्हणजे माझी ३७ तासांची भांडी." कर्जातला एक पैसाही तिने त्याला लावला नव्हता. तो कागद मी ह्यांच्या ताटाशेजारी ठेवला. त्या दिवशी ह्यांनी भाजी दुसऱ्यांदा मागून घेतली.

आता तुम्ही विचाराल, एवढ्या थोड्या पैशांत चार शहरे कशी झाली? तीही युक्ती सांगते. तिकिटे महिना-दोन महिने आधी काढली तर तिकडे आगगाडी पुष्कळच स्वस्त पडते. मुक्काम वसतिगृहात. एका खोलीत सहा नाही तर आठ खाटा, एकीवर एक अशा. बायकांची खोली निराळी मागता येते. खाली सामाईक स्वयंपाकघर. आपला जिन्नस शीतकपाटात ठेवताना त्यावर नाव आणि तारीख लिहायची, नाही तर साफसफाईत तो फेकला जातो. आमच्या मुलींनी डाळ-तांदूळ बरोबर नेले होते. प्रागला त्यांनी खिचडी टाकली, तेव्हा फोडणीच्या वासाने तीन देशांच्या मुली ताटल्या घेऊन आल्या म्हणे.

ही वसतिगृहे कशी निघाली, तेही मला लेकीने सांगितले. रिचर्ड शिर्मान नावाचे एक जर्मन शाळामास्तर होते. १९०९ साली ते मुलांना घेऊन पायी सहलीला निघाले असता वादळी पावसात सापडले. एका गावच्या शाळेत गवतावर मुलांना निजवून त्यांनी रात्र काढली. त्यांच्या मनात आले, सुटीत शाळा रिकाम्याच असतात, मग गरिबाच्या मुलांना तेथे मुक्काम का मिळू नये? पुढे १९१२ साली आल्टेना गावच्या जुन्या किल्ल्यात त्यांनी कायमचे वसतिगृह उघडले. आज जगभर मुले-मुली स्वस्तात प्रवास करतात, त्याच्या मुळाशी एका मास्तरांची ती काळजी आहे.

मुली सकाळी बर्लिनहून निघाल्या आणि दोन तासांत ड्रेस्डेनला पोहोचल्या. दुसऱ्या महायुद्धात, १९४५ च्या फेब्रुवारीत, या शहरावर विमानांतून बाँब टाकले गेले. मरियामातेचे मोठे चर्च कोसळले आणि पुढे कित्येक वर्षे तेथे दगडांचा ढीगच होता. मग ते पुन्हा उभारले आणि २००५ साली उघडले. जुने काळे पडलेले दगड नव्या पांढुरक्या दगडांत तसेच बसविले आहेत, त्यामुळे भिंत ठिगळ लावलेल्या गोधडीसारखी दिसते. शिखरावरचा सोनेरी क्रूस लंडनच्या एका कारागिराने घडविला. त्या कारागिराचे वडील बाँब टाकणाऱ्या विमानांपैकी एकाचे वैमानिक होते. भगिनींनो, बापाच्या हातून जे मोडले ते मुलाच्या हातून जोडले गेले, याहून मोठे कीर्तन कोणते?

तेथून प्रागपर्यंत गाडी एल्ब नदीच्या काठाकाठाने जाते. प्रागला १३५७ साली बांधायला घेतलेला दगडी पूल आहे. त्याच्या चुन्यात अंडी कालविली होती अशी दंतकथा तिकडे सांगतात. १४१० सालचे एक घड्याळही आहे. तास पडला की त्याच्या खिडक्यांतून संतांच्या मूर्ती फिरतात. या शहरात युरो नव्हे तर कोरुना चालतो, आणि पुढे बुडापेस्टला फोरिंट. म्हणजे दहा दिवसांत तीन प्रकारचे पैसे. मुलींनी एक सामाईक बटवा केला आणि त्याचा हिशेब रोज निराळ्या मुलीकडे दिला. आमच्या लेकीने पारपत्र ठेवले होते मी शिवून दिलेल्या कापडी कशात, आतून कमरेला बांधून. बाजारात विकत मिळतात त्यांपेक्षा तो बरा ठरला असे तिने कळविले. हे मी थोड्या अभिमानाने सांगते.

व्हिएन्नाची गोष्ट ऐकून मला सर्वांत नवल वाटले ते पाण्याचे. आल्प्स पर्वतातल्या झऱ्यांचे पाणी १८७३ सालापासून नळाने त्या शहरात आणले आहे. रस्त्यावरच्या तोटीला बाटली लावावी आणि प्यावे. दुसरे नवल मारिया थेरेसा या राणीचे. १७४० ते १७८० अशी ४० वर्षे तिने राज्य केले, आणि ते करता करता तिला १६ मुले झाली. तिने १७७४ साली फर्मान काढले की, सहा वर्षांपुढची मुलेच नव्हे तर मुलीही शाळेत गेल्या पाहिजेत. त्याच काळात, १७६७ पासून, आपल्याकडे अहिल्याबाई होळकर राज्य चालवीत होत्या. दोघींनी एकमेकींचे नाव तरी ऐकले होते की नाही, कोण जाणे. लेकीने राणीच्या राजवाड्यापुढून मला फोन लावला आणि म्हणाली, "आई, तुला दोन मुलांत दिवस पुरत नाही म्हणतेस ना?" मी म्हटले, "तिच्याकडे धुणेभांड्याला बाई होती."

बुडापेस्ट हे नदीच्या दोन काठांवरचे शहर. बुडा, जुने बुडा आणि पेस्ट ही गावे १८७३ साली एक झाली. आपली मोठी चित्रकार अमृता शेरगिल १९१३ साली याच शहरात जन्मली. तिची आई हंगेरियन होती. तेथे डॅन्यूब नदीच्या काठावर लोखंडाचे ६० जोड जोडे मांडून ठेवलेले आहेत. पुरुषांचे, बायकांचे, लहान मुलांचेही. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथल्या नाझीधार्जिण्या लोकांनी ज्यू माणसांना या काठावर उभे केले, त्यांना पायांतले जोडे काढायला लावले आणि गोळ्या घालून नदीत लोटले. जोड्यांना किंमत होती, माणसांना नव्हती. त्या स्मरणार्थ २००५ साली हे जोडे बसविले. त्या संध्याकाळी लेकीने फोन केला, पण बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "आई, एक जोडा अगदी आपल्या बाळ्याच्या मापाचा आहे." मी तिला काही उपदेश केला नाही. त्या जर्मन मैत्रिणीने एका जोड्यात फूल ठेवले आणि बाकीच्या तिघी तिच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या, असे तिने सांगितले. मला विचाराल तर सगळ्या सहलीचे पैसे तेथे वसूल झाले.

आता दंडाचे दहा युरो. तिकडे काही शहरांत तिकीट घेऊन भागत नाही, गाडीत चढताना त्यावर यंत्रात ठसा मारावा लागतो. एका शहरात चौघींपैकी एक ते विसरली आणि तपासनिसाने दंड केला. तो कोणी भरायचा यावर रात्री वाद झाला. एक म्हणाली, जिचे चुकले तिने भरावा. शेवटी ठरले की दंड बटव्यातून जावा, कारण ती आज विसरली, उद्या आणखी कोणी विसरेल. आणि पुढे ठसे तपासण्याचे काम तिच्याकडेच द्यावे. पुन्हा दंड झाला नाही. एकत्र कुटुंबात नांदलेल्या सासवांनाही इतका चोख निवाडा सुचेलच असे नाही!

परतीची रात्र त्यांनी गाडीत बसून काढली. युरोपातल्या पुष्कळ देशांनी आपसांतल्या सीमा खुल्या केल्या आहेत. १९८५ साली लक्झेंबर्गमधल्या शेंगेन नावाच्या लहानशा गावी त्याचा करार झाला आणि १९९५ पासून तो अमलात आला. म्हणून एका देशाचे कागद घेऊन शिकणारी मुलगी दुसऱ्या देशात जाऊ शकते. जर्मनीने सप्टेंबर २०२४ पासून आपल्या सर्व खुष्कीच्या सीमांवर पुन्हा तपासणी सुरू केली होती, त्यामुळे पहाटे शिपायांनी गाडीत पारपत्रे पाहिली. तेवढेच. पण ज्या रुळांवरून आमच्या मुली डबा खात गेल्या, तेथे १९८९ पर्यंत काटेरी तारा होत्या. खुद्द बर्लिनमध्ये १९६१ पासून २८ वर्षे भिंत होती, आणि लेक पलीकडे, आई अलीकडे अशी कित्येक घरे तिने तोडली. त्या तारा पहिल्यांदा १९८९ साली हंगेरीने ऑस्ट्रियाच्या बाजूला तोडायला घेतल्या. मोकळेपणाने फिरणे ही चैन नव्हे, लोकांनी फार सोसून मिळविलेली गोष्ट आहे, हे मला या सहलीवरून कळले.

कोणी म्हणेल, मुलीने शिकावे, पण हिंडायचे कशाला? आपल्या रखमाबाई शिकायला इंग्लंडात गेल्या आणि १८९४ साली त्यांनी ब्रसेल्सची एम.डी. मिळविली. इरावती कर्वे याच बर्लिनला शिकल्या, १९३० साली डॉक्टर होऊन आल्या आणि पुढे हिंडून-फिरून त्यांनी माणसे अभ्यासली. त्या घराबाहेर पडल्या नसत्या, तर आज मी सातवी शिकलेली बाई येथे उभी राहून त्यांची नावे घेऊ शकले नसते. वर्गात विषय कळतो. परक्या गावी, मोजक्या पैशांत, रुसलेल्या मैत्रिणीला बरोबर घेऊन रस्ता शोधताना माणूस कळतो. अंथरूण पाहून पाय पसरावे हे आपण मुलींना शिकवितो, आणि ते योग्यच आहे. पण अंथरूण स्वतः विणून थोडे लांब करता येते, हेही त्यांना कळू द्यावे.

ज्या दोन-तीन घरांत मुलीला परगावी धाडावे की नाही हा विचार सध्या चालू आहे, त्या घरच्या माता समोर बसल्या आहेत. त्यांना मी "पाठवाच" असे म्हणणार नाही. घराघराची अडचण वेगळी. एवढेच म्हणेन की, "लोक काय म्हणतील" हे कारण यादीत सर्वांत शेवटी लिहा. भीती वाटते ना? मलाही दहा रात्री झोप नव्हती. भीती आपल्यापाशी ठेवावी आणि मुलीपाशी पत्ता, पैसे आणि विश्वास द्यावा.

सर्वांच्या लेकी युरोपला जाणार नाहीत, जाण्याची गरजही नाही. म्हणून मंडळापुढे एक सूचना ठेवते. येत्या दिवाळीच्या सुटीत आपल्या आळीतल्या कॉलेजातल्या मुलींची वेरूळ-अजिंठ्याची सहल काढावी. तिकिटे त्यांनी काढावी, मुक्काम त्यांनी ठरवावा, बटवा आणि हिशेब त्यांच्याच हाती असावा. आपण कोणी बरोबर जायचे नाही. लाडू मात्र द्यायचे. ज्या मुलीला वर्गणी जड जाईल, तिचा वाटा मंडळाने उचलावा, आणि सुरुवातीचे ५०० रुपये मी आजच कार्यवाहबाईंच्या हाती देते. मुली परत आल्या की त्यांनी या व्यासपीठावर उभे राहून आपल्याला हिशेब वाचून दाखवावा.