बालवाडीची सहल आणि समुद्राचे वेळापत्रक



कामगारांच्या सभेत बोलण्याची आम्हाला सवय आहे. आजचा विषय मात्र अडीच ते सहा वर्षांच्या मंडळींचा आहे. आमच्या युनियनच्या बालवाडीतील चोवीस मुलांना आम्ही अलिबागचा कुलाबा किल्ला दाखवून आणला, तेव्हा गावातील काही सज्जनांनी विचारले, "एवढ्याशा पोरांना समुद्रात नेण्याचा हा खटाटोप कशासाठी?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देतो.

कुलाबा किल्ला किनाऱ्यापासून एक-दीड किलोमीटरवर आहे. भरतीला तो बेट असतो आणि ओहोटीला चालत जाता येते. छत्रपती शिवाजीमहाराजांनी १६८० साली त्याचे काम सुरू केले, ते संभाजीमहाराजांच्या काळात पुरे झाले, आणि पुढे कान्होजी आंग्रे यांनी तेथून दर्यावर हुकमत चालविली. हे मोठ्यांसाठी झाले. मुलांना त्या बेटाची नवलाई वेगळीच. सकाळी जिथे पाय ठेवला तिथे दुपारी होडी चालते, ही गोष्ट पुस्तकातून शिकविता येत नाही.

आता हिशेब. कोकणातील जुनी माणसे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. अष्टमीला भरती सहाला, म्हणजे ओहोटी भर बाराला. सहलीला वेळ सोयीची वाटते. परंतु अष्टमीला भांग असते, पाणी पुरते ओसरत नाही, आणि मोठ्यांच्या गुडघ्याएवढे पाणी तीन वर्षांच्या मुलाच्या कमरेला लागते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, वाट कोरडी पडते; पण ती सकाळी साडेपाच-सहाला, अंधारात. आमच्या बालवाडीच्या सेविकाबाईंनी यातून वाट काढली ती अशी: उधाण सरत नाही तोवरची तृतीया धरायची. तिनाची पाऊणपट सव्वादोन. भरती सव्वादोनला, ओहोटी साडेआठच्या सुमारास. वाळू कोरडी, ऊन कोवळे. हा हिशेब अर्ध्या-पाऊण तासाने इकडेतिकडे होतो, म्हणून त्यांनी छापील भरतीचा तक्ताही ताडून पाहिला आणि किनाऱ्यावरच्या घोडागाडीवाल्यालाही विचारले. तिघांचे एकमत झाले तेव्हाच दिवस ठरला.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पाणी सहा तास सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात थोडे, दुसऱ्यात जरा अधिक, आणि तिसऱ्या-चौथ्या तासांत मिळून एकूण चढाच्या निम्मे. उधाणाच्या दिवसांत आमच्या या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतला फरक साडेतीन मीटरांच्याही वर जातो. म्हणजे दोन तासांत पुरुषभर पाणी! शिवाय ते समोरून येत नाही. दोन्ही अंगांनी येऊन किल्ला आणि किनारा यांच्यामध्ये मिळते. आम्ही आयुष्यभर मालकांशी करार केले. मालक कधी तारीख पुढे ढकलतो, कधी अर्धा तास सवड देतो. समुद्र देत नाही.

सव्वासातला आम्ही ओसरत्या पाण्याच्या मागोमाग निघालो. तीन मुलांमागे एक मोठे माणूस, असा नियम. मोठ्यांना जी वाट अर्ध्या तासाची, ती मुलांनी तासाभरात कापली. कारण वाटेत शंख पाठीवर घेऊन पळणारे खेकडे भेटले. किल्ल्यात चाकांच्या गाड्यांवर बसविलेल्या दोन विलायती तोफा आहेत, त्यांवर १८४९ साल आहे. आम्ही मोठ्या हौसेने त्या दाखविल्या. एकाही मुलाने ढुंकून पाहिले नाही. गोड्या पाण्याच्या तळ्यापाशी मात्र सगळी थबकली. "बाहेर खारट, मग आत गोड कसं?" असे एका मुलीने विचारले. पावसाचे पाणी मुरते आणि साठते, हे तिला तिथेच सांगितले.

नवाच्या पुढे आमच्याबरोबर आलेल्या एका प्रतिष्ठित गृहस्थांनी गणपतीपुढे आरती करून मग निघू, असे सुचविले. सहलीचा खर्च त्यांनी दिला होता. सेविकाबाई म्हणाल्या, "काका, साडेनवाला शेवटचं मूल दरवाजाबाहेर असलं पाहिजे. आरती किनाऱ्यावरून करू." गृहस्थांचा चेहरा उतरला. पण बाईंनी मुलांचे हात धरले आणि चालू लागल्या.

येथे आम्हाला मुद्द्याची गोष्ट सांगायची आहे. ज्या बाईंच्या शब्दावर चोवीस जीव सोपविले, त्यांच्यासारख्या अंगणवाडीतील बायांना सरकारदरबारी जे मिळत आले ते पगार नव्हे, मानधन. एकात्मिक बालविकास योजना १९७५ साली सुरू झाली, आणि या बाया ग्रॅच्युइटीला पात्र आहेत हे सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले ते २०२२ साली. 'अंगणवाडी' हा शब्द ज्या कामातून आला, ते ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला समुद्रकाठीच मांडले. शंख, शिंपले, बिया हेच तिथले साहित्य. त्यांनी बालशिक्षण हे शास्त्र मानले. आपण मात्र त्याला पोरे सांभाळणे म्हणतो आणि मोबदलाही तसाच देतो.

आणि मुलांच्या आया? सहलीला यायचे तर त्यांचा दिवसाचा खाडा. एका कारखानदाराने अर्ध्या दिवसाची रजासुद्धा नाकारली. तेव्हा बायांनी आपसांत पाळ्या बदलून आठ जणींना मोकळे केले, आणि त्या आठही जणी समुद्रात पहिल्यांदाच चालल्या. त्यांपैकी एकीचे माहेर अलिबागपासून दोन कोसांवर!

पुढची सहल मार्गशीर्षात, वद्य तृतीयेला. ज्यांना मुलांचा हात धरायला यायचे असेल त्यांनी व्याख्यानानंतर सेविकाबाईंकडे नाव द्यावे. त्या तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. कालवांच्या खडकावर पाय कापतो, म्हणून पायांत पट्ट्याच्या चपला असाव्यात. घड्याळ प्रत्येकाने आणावे. आणि परतीची वेळ बाई सांगतील तीच.