मोटार घेताना

पाडव्याला दारात मोटार यावी ही आम्हां मध्यमवर्गीयांची हौस, आणि विक्रेता नेमकी तीच हेरतो. मुहूर्ताच्या घाईत वर्षानुवर्षांची पुंजी आम्ही न वाचलेल्या कागदावर सही करून देऊन टाकतो.

म्हणून प्रथम लेखी दरपत्रक मागावे व ते कलमवार वाचावे. ‘हाताळणी खर्च’ म्हणून काही लावले असेल, तर तो कशाचा, ते विचारावे. सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला ३ वर्षांचा त्रयस्थ-विमा सक्तीचा आहे. परंतु तो विक्रेत्याकडूनच घेण्याची सक्ती नाही. किंमत १० लाखांवर गेली की १ टक्का कर जागीच वसूल होतो. तो आयकराच्या विवरणपत्रात आपल्या खाती धरता येतो, हे कित्येकांना ठाऊकच नसते. जुनी गाडी द्यायची असेल, तर तिचा भाव निराळा ठरवावा. नाहीतर एका हाताने दिलेली सूट दुसऱ्या हाताने परत जाते.

मंडईत कोथिंबिरीच्या जुडीसाठी आम्ही घासाघीस करतो, आणि लाखांच्या व्यवहारात मात्र संकोचतो! पाडवा पुढच्या वर्षीही येणारच आहे. भाव न पटल्यास उठून घरी जाण्याची तयारी, हेच गिऱ्हाइकाचे खरे बळ होय.