'हुशार' म्हणणं मी कसं सोडलं

आज जांब्यात बसलोय, समोर सगळे प्राथमिकचेच शिक्षक आहेत, तर थेट वर्गातलंच बोलते.

मला शिकवायला लागून बावीस वर्षं झाली. त्यातली पहिली दहा वर्षं 'हुशार' हा शब्द मी खिरापतीसारखा वाटला. तेव्हा दुसऱ्या एका तालुक्यात होते. तिसरीत एक मुलगी होती. पाढे तोंडपाठ, हात कायम वर. मी रोज म्हणायची, "बघा रे, किती हुशार आहे ही!" मग हातच्याची वजाबाकी आली. 52 वजा 27. तिनं 35 लिहिलं, पुसलं, परत लिहिलं, परत पुसलं. मी जवळ गेले तर पाटी पोटाशी धरली. दुसऱ्या दिवशी पोट दुखतंय म्हणून घरी. असे चार दिवस. आई बिचारी डॉक्टरकडे नेऊन आली. चुकलं तर बाईंची 'हुशार' राहणार नाही, ही भीती होती पोरीला, आणि ती मीच घातली होती.

1998 साली क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी अमेरिकेत पाचवीच्या मुलांबरोबर केलेले प्रयोग मी खूप नंतर वाचले. कोडी सोडवल्यावर काही मुलांना सांगितलं, तुम्ही हुशार आहात. काहींना सांगितलं, तुम्ही मेहनत घेतलीत. मग मुद्दाम अवघड कोडी दिली, आणि नंतर पुन्हा पहिल्यासारखी. तर 'हुशार' मुलांची कामगिरी पहिल्यापेक्षा घसरली, मेहनतवाल्यांची सुधारली. वर 'हुशार' मुलांपैकी बऱ्याच जणांनी आपले गुण वाढवून सांगितले! अर्थात, पुढं इतरांनी हे तपासलं तेव्हा सगळीकडे इतका फरक दिसला नाही. जादूची कांडी नाही ही.

आणि आपण लगेच दुसरं टोक गाठतो. उत्तर चुकलंय, तरी "छान प्रयत्न!" पोरांना कळतं हो ते. त्यापेक्षा शेजारी बसा, काड्यांचे गठ्ठे काढा. विचारा, "दोनातून सात जातात का? मग काय करशील?" तिनं दशकाचा गठ्ठा सोडला की म्हणा, "गठ्ठा सोडायचं तुझं तुला सुचलं." एवढं पुरतं.

आता नोंदींचं. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आपल्याकडे 2010 पासून आहे. वर्णनात्मक नोंद ही खरं तर मुलाची धडपड लिहायची जागा. आपण काय करतो? तयार नोंदींच्या पीडीएफमधून उतरवतो. हसू नका, मीही उतरवल्यात. 'अभ्यासात रस घेतो' हे एकाच वर्षी निम्म्या वर्गाला लिहिलं होतं. एका मुलाचे वडील बांधकामावर कामाला. त्यांनी प्रगतीपुस्तक नीट वाचलं आणि विचारलं, "बाई, म्हणजे याला काय येतं?" मला सांगता येईना.

तेव्हापासून एक साधी वही ठेवलीय. रोज फक्त तीन मुलं. त्या मुलाची पुढची नोंद अशी होती: 'सोमवारी गठ्ठा स्वतः सोडला. वरच्या संख्येत शून्य आलं की अजून अडतो.' वडिलांना वाचून दाखवली. म्हणाले, "शून्याचं मी घेतो रात्री. काड्या तेवढ्या द्या."