पापणीचा दोष आणि आईला बोल



आज मी एकच गोष्ट पटवायला उभा आहे. डोळे अर्धवट उघडणारं मूल जन्मलं की आपण बाळंतिणीला विचारतो, "ग्रहणात काय चिरलं होतंस?" हा प्रश्न आपल्या परभणी जिल्ह्यातून हद्दपार झाला पाहिजे.

या विकाराला डॉक्टर बीपीईएस म्हणतात. डोळ्यांची फट जन्मतः आखूड, वरची पापणी उतरलेली, नाकाकडच्या कोपऱ्यात खालून वर जाणारी कातडीची घडी. बुद्धी बहुधा चारचौघांसारखीच. मूल हनुवटी उचलून बघतं, म्हणून शाळेत उद्धट ठरतं. गुणसूत्रं तुम्ही शाळेत शिकलात, त्यात वेळ घालवत नाही. तिसऱ्या गुणसूत्रावरच्या फॉक्सएल२ जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बिघडली तरी पुरते. आईबापांपैकी एकाला विकार असेल, तर प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता निम्मी. कधी घराण्यात कुणालाच नसताना बिघाड नव्याने होतो. ग्रहणाचा, विळीचा काडीचाही संबंध नाही.

समोर पशुवैद्यक महाविद्यालयाची मंडळी दिसताहेत, म्हणून शेळीचं सांगतो. या जनुकाचा आणि विकाराचा संबंध २००१ साली उघड झाला. त्याच वर्षी फ्रान्समधल्या संशोधकांना भुंड्या शेळ्यांमध्ये याच जनुकाजवळचा सुमारे ११,७०० अक्षरांचा तुकडा गळालेला सापडला. एका बाजूने गळाला तर शेळी नुसती भुंडी. आई आणि बाप दोघांकडून गळाला, तर मादी व्हायचं पिल्लू धड शेळी नाही, धड बोकड नाही, आणि ते कधी गाभण राहत नाही. म्हणून भुंड्या शेळीला शिंगांचाच बोकड लावावा. (मागून आवाज: "आता माणसांवर या!" हशा.) आलोच. शेळीने दाखवलं ते हे, की पापणी घडवणारं जनुक बीजकोशही सांभाळतं.

या विकाराचे दोन प्रकार १९८३ मध्ये वेगळे ओळखले गेले. पहिल्या प्रकारात बाईची पाळी चाळिशीच्या आतच, कधी फार लवकर, थांबते आणि मूल होणं अवघड होतं. मग पिढ्यान्‌पिढ्या हा प्रकार चालतो कसा? बहुतेक पुरुषांकडून. आजोबांकडून बापाकडे, बापाकडून लेकीकडे. आणि बोल कुणाला? सुनेला. पुढे त्याच लेकीला सासरी वांझ म्हणतात.

(प्रश्न: "म्हणजे दोष बापाचा?") नाही हो. जनुक कुणी निवडून देत नाही. आईचा नाही, तसाच बापाचाही नाही. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. तेव्हा उपचारांचं भराभर सांगतो. पापणीने बुबुळ झाकलं तर डोळा आळशी होतो आणि नजर कायमची अधू राहू शकते. कोपऱ्याची शस्त्रक्रिया साधारण तीन ते पाच वर्षांच्या वयात करतात, पापणी उचलायची बहुधा त्यानंतर. पण बुबुळ झाकलेलं असेल तर थांबायचं नाही. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत आणि शाळेत मुलं तपासतात. त्यांना असं मूल दाखवा. मुलगी असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांपाशी थांबू नका. वयात येताच तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या आणि खरं काय ते तिला वेळेवर सांगा.

आशाताई, अंगणवाडीताई, गुरुजी, तुम्हाला हात जोडून विनंती आहे. असं मूल दिसलं तर आधी त्याच्या आईला सांगा, "बाई, तुझी काही चूक नाही." मग त्याला दवाखान्यात पाठवा.