भूल आणि भूलचूक



मराठीत ‘भूल’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला दिली जाते तीही भूल, आणि माणसाच्या हातून नकळत घडते तीही भूलच. ऑपरेशन थिएटरमध्ये या दोन अर्थांची गाठ पडते, तेव्हा रुग्णाचा प्राण पणाला लागलेला असतो. ही गाठ पडू नये म्हणून वैद्यकशास्त्राने जे संशोधन केले, त्याचा परिचय प्रत्येक कुटुंबाला असणे हितावह आहे.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेत, बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये, विल्यम मॉर्टन यांनी ईथरची भूल दिली आणि सर्वांसमक्ष वेदनारहित शस्त्रक्रिया पार पडली. मानवजातीला लाभलेले हे वरदानच होते. परंतु जानेवारी १८४८ मध्ये इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर ही १५ वर्षांची मुलगी पायाचे नख काढण्यासाठी दिलेल्या क्लोरोफॉर्मच्या भुलीत दगावली. आजार क्षुल्लक, पण भूल प्राणघातक ठरली.

त्यानंतर शतक लोटले तरी हा धोका टळला नव्हता. बीचर आणि टॉड या संशोधकांनी अमेरिकेतील १० रुग्णालयांत १९४८ ते १९५२ या काळात दिलेल्या सुमारे ६ लाख भुलींचा अभ्यास केला. दर १,५६० रुग्णांमागे एकाच्या मृत्यूस भूल कारणीभूत असल्याचे त्यांनी १९५४ मध्ये प्रसिद्ध केले. स्वतःच्याच क्षेत्रातील उणीव आकड्यांनिशी जगापुढे मांडण्याचे हे धैर्य होते.

विचारांना खरी कलाटणी मिळाली ती १९७८ मध्ये. जेफ्री कूपर हे डॉक्टर नव्हेत, तर अभियंता. बोस्टनमध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी भूलतज्ज्ञांना विश्वासात घेऊन, कोणालाही दोष न देता, घडलेल्या वा थोडक्यात टळलेल्या ३५९ प्रसंगांची माहिती मिळविली. त्यांपैकी ८२ टक्के प्रसंगांच्या मुळाशी मानवी चूक होती. श्वासाची नळी निसटणे, वायूचा प्रवाह अनवधानाने बदलणे, एका सिरिंजऐवजी दुसरी हाती येणे, अशा त्या साध्या चुका. त्यांमागे घाई, थकवा, यंत्राचा अपुरा परिचय आणि परस्परांत न झालेला संवाद होता. ‘चूक कोणाची?’ याऐवजी ‘चूक कशी घडली?’ असे विचारताच उपायही सापडू लागले.

१९८६ मध्ये हार्वर्डच्या रुग्णालयांचे नियम प्रसिद्ध झाले. त्यांनुसार शस्त्रक्रिया चालू असेपर्यंत भूल देणाऱ्याने रुग्णापासून दूर जाऊ नये आणि रक्तदाब व नाडी किमान दर ५ मिनिटांनी पाहावी. जपानमधील ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात शोधलेल्या तत्त्वावर पल्स ऑक्सिमीटर तयार झाला. २०२० च्या कोरोनाकाळात घरोघरी पोहोचलेला बोटाचा हा चिमटा, ओठ निळे पडण्याची वाट न पाहता, रक्तातील प्राणवायू घटल्याची सूचना देतो. २००८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची तपासणी यादी दिली. दिल्लीसह जगातील ८ शहरांतील रुग्णालयांत ती वापरून पाहिली असता मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. कागदाच्या एका पानाचे हे सामर्थ्य!

तथापि या सुरक्षेची एक कडी रुग्णाच्या आणि त्याच्या आप्तांच्या हाती आहे. भुलीत खोकण्याची व गिळण्याची नैसर्गिक क्रिया थांबते. त्यामुळे पोटातील अन्न उलटून फुफ्फुसात जाण्याचे भय असते. म्हणूनच हलके अन्न किमान ६ तास आधी बंद करतात; तळलेल्या वा जड जेवणाला त्याहून अधिक अवधी लागतो. साधे पाणी बहुधा २ तास आधीपर्यंत चालते. दुधाचा चहा मात्र पाण्यात नव्हे, अन्नात मोडतो. मायेपोटी पाजलेला घोटभर चहा आणि त्याहूनही, तो पाजल्याचे लपविणे, रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.

दमा, मधुमेह, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, चालू असलेले काढे, तंबाखूचे व्यसन, हलणारे दात, नुकताच केलेला दीर्घ उपवास, घरातील कोणाला पूर्वी भुलीचा झालेला त्रास, यांतील काहीही भूलतज्ज्ञापासून झाकून ठेवू नये. नातलगांसमोर संकोच वाटत असल्यास एकांतात सांगावे. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचे नाव सारे आवर्जून विचारतात. भूल कोण देणार, हेही तितक्याच आवर्जून विचारावे आणि त्यांची भेट आधी घ्यावी.

डॉक्टरांनी चुका न लपविता मोजल्या, म्हणून भूल सुरक्षित झाली. रुग्णानेही काही न लपविता सांगितले, तर ती अधिक सुरक्षित होईल. शस्त्रक्रियेच्या टेबलावरील माणूस स्वतःसाठी काहीच बोलू शकत नाही. म्हणून जे सांगायचे, ते त्याने आणि त्याच्या माणसांनी आधीच सांगितले पाहिजे.