संकटाच्या हांकेला जाणाऱ्यांचा संसार
(ज्युबिलीनिमित्त दांपत्यांपुढें केलेलें भाषण)



धर्मग्रामाच्या ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं दांपत्यजीवनाविषयीं चार शब्द बोलावे अशी आम्हांस आज्ञा झाली. विवाह-संस्काराचें माहात्म्य आपण प्रवचनांतून पुष्कळ ऐकिलें आहे. म्हणून आम्ही आज एका लहानशा, पण मनांत सलत राहणाऱ्या गोष्टीपुरतेंच बोलणार आहों. पुरांत, आगींत, अपघाताच्या जागीं सर्वांच्या आधीं धांवून जाणें हें ज्याचें काम, त्यानें घरीं परतल्यावर आपल्या जोडीदारास काय सांगावें?

हा प्रश्न आंबीस दूरचा नाहीं. आपल्या शिवारावरून वाहणारी इंद्रायणी पुढें कुंडमळ्यास जाते. तेथील जुना लोखंडी पूल १५ जून २०२५ रोजीं, रविवारीं दुपारीं, सहलीस आलेल्या माणसांसह नदींत कोसळला व चार माणसें प्राणास मुकलीं. पोलीस, अग्निशामक दलाचे लोक, आसपासचे तरुण, आणि तळेगांवनजीक सुदुंबरें येथें ठाणें असलेल्या राष्ट्रीय आपत्ति प्रतिसाद दलाचे जवान मदतीस धांवले. याच दलाचे जवान २०१४ च्या जुलै-ऑगस्टांत माळीण येथें दरडीखालून दिवसांमागून दिवस प्रेतें काढीत होते. तेथें दीडशेंहून अधिक जीव गेले. शोधकार्य संपल्याची बातमी येते, तेथें आपलें वाचणें संपतें. त्या माणसाच्या घराचा दरवाजा त्यानंतर उघडतो.

तो आंत येतो, हातपाय धुतो, पानावर बसतो, आणि बोलत नाहीं. पत्नी विचारते, "काय झालें?" तो म्हणतो, "कांहीं नाहीं." हें ओझें घरांत आणूं नये असा त्याचा सद्‌हेतु असतो. परंतु तिला तो हेतु दिसत नाहीं. तिला दिसतें तें फिरविलेलें तोंड. मग भाजींत मीठ कमी पडलें एवढ्या निमित्तानें ठिणगी पडते, आणि भांडण भलत्याच गोष्टीवर होतें.

जुन्या करारांतील तोबिताचें चरित्र आपणांस ठाऊक आहे. सणाच्या दिवशीं भरलें ताट तसेंच टाकून तो बाजारांत पडलेलें एका देशबांधवाचें प्रेत उचलावयास धांवला, परत येऊन स्नान करून दुःखानें जेवला, व सूर्य मावळल्यावर त्यानें तें पुरलें. आजच्या बचाव-सेवकाची संध्याकाळ याहून फार निराळी ती काय? त्या रात्रीं तो आपल्या पत्नीशीं, अन्नेशीं, काय बोलला याविषयीं ग्रंथ मुका आहे. पुढें तो आंधळा झाला, ती विणकाम करून संसार चालवूं लागली, आणि मजुरीवर बक्षीस मिळालेल्या एका करडावरून त्यानें तिच्यावर चोरीचा संशय घेतला. तिनेंहि रागानें त्याचा सारा दानधर्म काढला. करडूं हें निमित्तच असावें, असें आम्हांस वाटतें. दोन्हीं माणसें चांगलीं. पण दुःख मात्र ज्याचें त्याच्यापाशीं.

तर मग सर्वच सांगावें काय? नाहीं. प्रेताची दशा, मृताचें नांव, पंचनाम्यांतील मजकूर, ही त्या शोकग्रस्त कुटुंबाची ठेव आहे. ती घरांत उघडूं नये, मुलांसमोर तर नाहींच. पण "आज एक मूल हातीं लागलें नाहीं, मला कांहीं सुचत नाहीं," एवढें वाक्य पुष्कळ झालें. पत्नीनेंहि दारांत पाऊल पडतांच विचारूं नये. स्नान होऊं द्यावें, चहा घेऊं द्यावा. तो "आतां नको, रात्रीं सांगतों" म्हणाला तर मान्य करावें. मात्र रात्रीं त्यानें सांगितलेंच पाहिजे. दूरच्या प्रांतांतून येथें नेमणुकीवर आलेल्या जवानांचा संसार दूरध्वनीवरच चालतो. त्यांनीं "जेवलीस का, पैसे मिळाले का" यापलीकडे आठवड्यांतून एकदां तरी जावें.

दिवंगत परमगुरुस्वामी फ्रान्सिस यांनीं २०१६ च्या 'आमोरिस लेतिसिया' या बोधपत्रांत म्हटलें आहे कीं, पुष्कळदां जोडीदारास उपाय नको असतो, ऐकणारें माणूस हवें असतें. पहिल्याच वाक्यावर "मग सोडा ही नोकरी" म्हणणाऱ्या पत्नीस दुसरें वाक्य ऐकावयास मिळत नाहीं. परिचारिकेच्या व महिला पोलिसाच्या पतीस तर हें अधिकच लागू आहे. रात्रपाळी करून आलेल्या स्त्रीकडून आपण पुरुष चहाची वाट पाहतों, आणि तिचें ऐकावयाचें राहून जातें.

तथापि जोडीदारास सर्वच भार पेलेल असें नाहीं. आठवडेच्या आठवडे झोप नाहीं, तेंच दृश्य पुनःपुन्हां डोळ्यांपुढें येतें, हात दारूकडे वळतो, अशीं चिन्हें दिसलीं कीं डॉक्टर गांठावा. सरकारची 'टेली-मानस' ही दूरध्वनि-सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य मिळते, व तेथें मराठींत बोलतां येतें. न वाचवितां आलेला जीव हें पाप नव्हे, एवढें धर्मगुरु खात्रीनें सांगतील. झोपेचें औषध त्यांच्यापाशीं नसतें.

एक गोष्ट राहिली. तो नदीवर असतांना इकडे तीहि जागीच असते. दूरध्वनि लागत नाहीं, मुलें विचारीत राहतात, शेजारीण धीर देण्याच्या निमित्तानें आणखी दोन वाईट बातम्या सांगून जाते. तिच्या त्या रात्रीची विचारपूस कोणीहि करीत नाहीं. आपलें सांगून झाल्यावर त्यानें तिलाहि विचारावें, "रात्र तूं कशी काढलीस?", आणि तिचें सांगून होईपर्यंत पानावरून उठूं नये.