खिडकीच्या आतून



स्वागताध्यक्ष म्हटले की कारखान्याचे चेअरमन किंवा संस्थेचे पदाधिकारी, असा आपल्या भागातला शिरस्ता. सातारा-सांगलीच्या पदव्युत्तर विभागांच्या आणि संशोधन केंद्रांच्या या परिषदेच्या संयोजकांनी तो मोडून एका निवृत्त कार्यालय अधीक्षक बाईला इथे उभे केले. माझ्या नोकरीतली बहुतेक वर्षे पदव्युत्तर विभागाच्या खिडकीच्या आत गेली. तेव्हा मला स्वागत जमेल ते तसेच जमेल. अर्ज पुढे करा, कागद पाहू, मग बसा.

सातारकर आणि सांगलीकर एका मंडपात बसले की पाहुणे कोण आणि यजमान कोण, हे ठरवणे अवघड जाते. 1949 पर्यंत या दोन जिल्ह्यांचा मोठा भाग एकाच जिल्ह्यात होता. मग दक्षिण सातारा वेगळा झाला आणि 1960 मध्ये त्याचे नाव सांगली पडले. आज चहाबरोबर साताऱ्याचे कंदी पेढे ठेवले आहेत आणि सांगलीचे भडंगही. भडंगावर जयसिंगपूरकरांचाही हक्क आहे, पण ते तिसऱ्या जिल्ह्यातले, म्हणून तो वाद तूर्त बाजूला ठेवू.

एक साल मात्र आठवायलाच हवे, 1919. त्या वर्षी डेक्कन एज्युकेशन सोसायटीने सांगली आणि मिरजेच्या मध्ये, विश्रामबागेत, विलिंग्डन कॉलेज सुरू केले. त्याच वर्षी 4 ऑक्टोबरला कराड तालुक्यातल्या काले गावी, सत्यशोधकांच्या परिषदेत, भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेचा संकल्प सोडला. विश्रामबागेत कॉलेज उभे राहत होते, आणि काल्याला विचार चालला होता तो बोर्डिंगचा. कॉलेजने विचारले, मुलाला काय शिकवायचे? भाऊरावांनी त्याच्या आधीचा प्रश्न विचारला, तो रात्री झोपणार कुठे आणि खाणार काय? साताऱ्याच्या बोर्डिंगला 1927 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते राजर्षी शाहूंचे नाव मिळाले. बोर्डिंगातल्या मुलांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. 1947 मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले ते ‘कमवा आणि शिका’ या योजनेसह. पुणे विद्यापीठाने 1959 मध्ये भाऊरावांना सन्माननीय डी.लिट. दिली. त्या डी.लिट.ला सिनॉप्सिस लागला नाही, सहामाही प्रगती अहवालही लागला नाही. आमच्या खिडकीवर आले असते, तर आम्ही त्यांच्याकडेही मायग्रेशन सर्टिफिकेट मागितले असते.

हा विनोद सोडून देऊ, पण पदव्युत्तर शिक्षणात आपण विश्रामबागेचा प्रश्न सोडवला आणि काल्याचा प्रश्न सोडून दिला, असे मला वाटते. विभाग उघडले, केंद्रांना मान्यता आणली, फलक लावले. एम.ए.ला आलेली जतची मुलगी किंवा पीएच.डी.ला नोंदलेला पाटणचा मुलगा दोन-पाच वर्षे कशाच्या आधाराने टिकतो, हे कुणाच्या कामाच्या यादीत नाही.

या भूमीत संशोधनाला वाव नाही, असे कुणी म्हणू शकणार नाही. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत केवलानंद सरस्वतींनी धर्मकोशाचे काम उभे केले, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी ते पुढे नेले, आणि त्याच वाईतून मराठी विश्वकोशाचे खंड निघू लागले. कासचे पठार 2012 पासून जागतिक वारशात आहे आणि वनस्पतिशास्त्राच्या मुलांना ते पायाखाली मिळते. समाजशास्त्रज्ञ गेल ऑम्व्हेट यांनी अमेरिकेतल्या बर्कलीत 1973 साली पीएच.डी. मिळवली, तिचा विषय होता पश्चिम भारतातली ब्राह्मणेतर चळवळ. म्हणजे आपल्याच आजोबा-पणजोबांची गोष्ट. पुढे त्या वाळवा तालुक्यातल्या कासेगावच्याच झाल्या. एवढ्या लांबचे माणूस ज्या विषयासाठी इथे आले, तो विषय इथल्या मुलाला खटाव-माणमध्ये घरबसल्या मिळावा, यासाठी तालुक्याच्या कॉलेजातली संशोधन केंद्रे आहेत.

पण केंद्र म्हणजे काय? बहुतेक ठिकाणी एक कपाट, एक संगणक आणि एक माणूस. तो माणूस सकाळी बी.ए.चे प्रवेश पाहतो, दुपारी परीक्षेचे फॉर्म आणि उरलेल्या वेळात पीएच.डी. पदव्युत्तर वर्ग विनाअनुदानित, त्यामुळे शिकवणारे सी.एच.बी.वर, म्हणजे तासिका तत्त्वावर, आणि टेबलावरचा लिपिक संस्थेच्या तुटपुंज्या पगारावर. तो चांगली नोकरी मिळाली की जातो, आणि जाताना सगळे ठाऊक असलेले डोके बरोबर नेतो. नवा येतो तो मुलांनाच विचारतो, ‘याच्यापुढे काय करायचे असते?’

आता नियमांकडे येते, कारण मदत म्हणजे पाठीवरून हात फिरवणे नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे पीएच.डी.चे नियम 2022 मध्ये बदलले. किमान तीन वर्षे, कमाल सहा, पुनर्नोंदणीने आणखी दोन. स्त्रियांना आणि 40 टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना याखेरीज आणखी दोन वर्षांची सवलत मिळू शकते. स्त्री संशोधकाला संपूर्ण काळात 240 दिवसांपर्यंत प्रसूती आणि बालसंगोपनाची रजा मिळू शकते. हे नियम राजपत्रात छापून आले. खिडकीपर्यंत पोचले का? माझ्या टेबलासमोर एक बाई उभी होती, कडेवर मूल, हातात नोंदणी रद्द करण्याचा अर्ज. मुदत संपत आली, म्हणून तिने स्वतःच निर्णय घेतला होता. तिला सवलत आहे हे कुणी सांगितलेच नव्हते. मी अर्ज परत दिला, कोऱ्या कागदावर मुदतवाढीचा मजकूर लिहून घेतला आणि शिपाईमामांना चहा सांगितला. यात माझे काही मोठेपण नाही, माझ्याकडे परिपत्रकांची फाईल होती एवढेच. अशा किती जणी फाईल नसलेल्या खिडकीवर गेल्या असतील, याची नोंद कोणत्याही आवक-जावक रजिस्टरात नाही.

गाईड निवृत्त होण्याचा प्रश्नही असाच. सेवेची तीन वर्षे राहिली नसतील तर नवा विद्यार्थी घेता येत नाही, हे बहुतेकांना ठाऊक असते. आधी नोंदलेल्या विद्यार्थ्यासाठी निवृत्तीनंतरही, वयाच्या सत्तरीपर्यंत, सहमार्गदर्शक म्हणून राहता येते, हे फार थोड्यांना माहीत असते. मग गाईड निवृत्त झाले की मूल पोरके, नवे गाईड ‘माझ्या जागा भरल्या’ म्हणणार, आणि विषय बदलायची पाळी. प्राध्यापकाला आठ विद्यार्थी, सहयोगी प्राध्यापकाला सहा, सहायक प्राध्यापकाला चार, ही मर्यादा आपल्याकडे लोक तोंडपाठ म्हणतात, आणि सहमार्गदर्शकाबद्दलचा उतारा मात्र वाचलेला नसतो.

प्रबंधातल्या साम्याच्या तपासणीचेही तेच. आयोगाच्या 2018 च्या नियमांनी 10 टक्क्यांपर्यंतचे साम्य दोषाच्या बाहेर ठेवले. संतसाहित्यावर प्रबंध लिहिणारे विद्यार्थी रिपोर्ट पाहून घाबरतात, कारण अभंग उद्धृत केले की टक्केवारी उडते. श्रेय देऊन घेतलेली अवतरणे, संदर्भसूची, ऋणनिर्देश हे सगळे मोजणीतून वगळायचे असते. सॉफ्टवेअर चालवणाऱ्या माणसाला ते बटण माहीत असले, की एक तासाचे काम. नसले, की विद्यार्थी तुकोबांचे अभंग स्वतःच्या शब्दांत लिहायला बसतो! त्यापेक्षा मोठी चोरी कोणती?

आता फेलोशिपचे बोलते. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांमुळे घरची शेती विकायला न लावता मुले संशोधनाला येऊ लागली, ही खरी सुधारणा. पण पैशांपाठीमागे कागद येतो. हजेरी, प्रगती अहवाल, घरभाड्याचा दाखला, त्यावर गाईडची, विभागप्रमुखांची, प्राचार्यांची सही. यांतली एक सही परीक्षेच्या ड्युटीवर गेली, की मुलाचा मेसचा डबा बंद होतो. बोर्डिंगचा प्रश्न पुन्हा उभा राहतो तो इथे.

राहिला प्रश्न अंतराचा. पूर्वी आपली महाविद्यालये मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत होती, पुणे विद्यापीठ 1949 मध्ये आले, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ 1962 मध्ये. साताऱ्यात 2021 मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ हे समूह विद्यापीठ स्थापन झाले. विद्यापीठ दर पिढीला थोडे जवळ आले. पण जतहून किंवा महाबळेश्वरहून कोल्हापूर अजूनही शंभराहून अधिक किलोमीटर आहे, आणि एका झेरॉक्ससाठी एस.टी.चा दिवस जातो. नव्या शैक्षणिक धोरणाने एम.ए.ला ओ.जे.टी., म्हणजे प्रत्यक्ष कामावरचे प्रशिक्षण, आणले, संशोधन प्रकल्प आणला, एका वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची वाटही दिली. या प्रत्येक वाटेवर एकेक नवा अर्ज आहे. अर्ज वाढले तसे हात वाढले नाहीत.

म्हणून या परिषदेपुढे माझी मागणी एवढीच, प्रत्येक केंद्रात पदव्युत्तर आणि पीएच.डी.च्या कामासाठी एक नेमका माणूस असावा, त्याच्याकडे दुसरे टेबल नसावे, आणि त्याला दरवर्षी बदललेल्या नियमांचे प्रशिक्षण मिळावे. पगार कोण देणार, हे व्यासपीठावरच्या मान्यवरांनी ठरवावे. त्यांना नियमावली पाहायची असल्यास माझी फाईल मी बरोबर आणली आहे.

आता व्यवस्थेबद्दल. मुक्कामाची सोय वसतिगृहात आहे, गरम पाणी सकाळी साडेसहापर्यंतच मिळेल. जेवणात पिठले-भाकरी आहे, शाकाहारी-मांसाहारी असे दोन रांगांचे भांडण नाही. उद्या दुपारी दोन वाजता एक सत्र फक्त टेबलावर काम करणाऱ्यांचे आहे. प्राचार्यांनी त्यात बसायला हरकत नाही, मात्र बोलायचे नाही. प्राध्यापकांनी आपापले अडकलेले प्रश्न कागदावर लिहून आज संध्याकाळपर्यंत नोंदणीच्या टेबलावर द्यावेत, नाव लिहिले नाही तरी चालेल. सगळ्यांचे मनापासून स्वागत करते आणि अध्यक्षांनी सूत्रे हाती घ्यावीत, अशी विनंती करते.